164, 161, 160 : फॉर्म्युला थ्रीचा एक हंगाम समजून घेताना

13 सप्टेंबर 2020, रविवार. इटलीत टस्कनीच्या डोंगरांत मुजेल्लो नावाचा ट्रॅक आहे. त्या दिवशी तिथे पहिल्यांदाच फॉर्म्युला वनची ग्रां प्री होणार होती, पण माझं लक्ष त्याआधी सकाळी होणाऱ्या एका छोट्या शर्यतीकडे होतं. आपल्याकडे तेव्हा जेवणाची वेळ. टाळेबंदीचे दिवस, स्टँडमध्ये तुरळक माणसं, आणि सुरुवातीच्या रेषेवर तीस एकसारख्या गाड्या. त्या तिसांतल्या तीन मुलांपैकी एकजण पुढच्या पाऊण तासात फॉर्म्युला थ्रीच्या हंगामाचा विजेता ठरणार होता. ऑस्कर पियास्त्री आणि लोगन सार्जंट हे 19 वर्षांचे दोघे बरोबर 160 गुणांवर होते, म्हणजे अठरापैकी सतरा शर्यती झाल्यावरही बरोबरीत. 17 वर्षांचा तेओ पुरशेर 151 वर होता.

ती शर्यत संपल्यावर गुणतक्ता असा झाला: पियास्त्री 164, पुरशेर 161, सार्जंट 160.

फॉर्म्युला वन बघणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. पण त्या गाड्यांत बसणारी माणसं येतात कुठून, हे विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'कार्टिंगमधून' इथेच थांबतं. कार्टिंग आणि फॉर्म्युला वन यांच्यामध्ये दहा-बारा वर्षांचा एक चढ आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेआड राहतो. या तीन आकड्यांच्या आधाराने तो चढ समजावून सांगावा, असा माझा प्रयत्न आहे. हाच हंगाम निवडला, कारण चढावरची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यात दिसते, आणि नंतर त्या तिघांचं काय झालं हेही आता आपल्याला माहीत आहे.

आधी पायऱ्या पाहू. सिंगल-सीटर म्हणजे एकाच माणसाला बसता येईल अशी, चाकं उघडी असलेली गाडी. मूल सात-आठ वर्षांचं असताना कार्टमध्ये बसतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे ट्रॅकवरचा प्रत्येक खड्डा थेट पाठीला कळतो. आपल्याकडे कोल्हापूरला मोहितेंच्या अकादमीच्या ट्रॅकवर मुलं हेच करतात. पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला फोर. ती देशादेशांची असते, आणि भारताचीही 2023 पासून सुरू झाली आहे. त्यानंतर मधल्या काही मालिका, मग फॉर्म्युला थ्री, मग फॉर्म्युला टू, आणि सगळ्यात वर फॉर्म्युला वनच्या वीस जागा (2026 पासून बावीस). क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हॅरिस शील्ड, मग एकोणीस वर्षांखालील संघ, मग रणजी. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये वर अकरा जागा असतात आणि त्या दर मोसमात थोड्याफार हलतात. इथे वीस जागांपैकी एखाद्या वर्षी तीन रिकाम्या होतात, तर एखाद्या वर्षी एकही नाही.

फॉर्म्युला थ्रीच्या या स्पर्धेत दहा संघ आणि प्रत्येकाच्या तीन गाड्या. सगळ्या गाड्या एकाच कारखान्यातल्या: सांगाडा इटलीच्या डल्लारा कंपनीचा, इंजिन फ्रान्सच्या मेकाक्रोमचं, 3.4 लिटर, सहा सिलिंडर, सुमारे 380 अश्वशक्ती. टायर सगळ्यांना पिरेलीचे. फॉर्म्युला वनची गाडी हजाराच्या घरात अश्वशक्ती देते, त्यापुढे हे कमी वाटेल. पण लांब सरळ रस्ता मिळाला की हीही गाडी ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जाते, आणि चालवणाऱ्याला कित्येकदा रस्त्यावर गाडी चालवायचा परवानाही मिळालेला नसतो.

गाड्या सारख्या, म्हणजे सगळ्यांना एकच बॅट. मग फरक कशाचा? ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटायला वेळ लागतो. इंजिन उघडायची मुभा नाही, नवे पंख (हवेच्या दाबाने गाडी जमिनीला धरून ठेवणारे) बनवायची मुभा नाही. संघाला बदलता येतं ते पंखांचा कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, स्प्रिंगचा कडकपणा, चाकांचा कल, टायरमधली हवा. हार्मोनियम एकच असली तरी प्रत्येकाच्या हाताखाली ती निराळी वाजते, तसं काहीसं. इटलीतला प्रेमा हा संघ या कामात तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. पियास्त्री आणि सार्जंट दोघेही प्रेमाचेच. तिसऱ्या गाडीत डेन्मार्कचा फ्रेडरिक वेस्टी होता. हंगामाच्या शेवटी हे तिघे पहिल्या चारांत होते, आणि त्यांच्यात घुसलेला एकटा पुरशेर फ्रान्सच्या एआरटी संघाचा. विजेतेपदासाठी बरोबरीत असलेली दोन मुलं एकाच तंबूत, एकाच टेबलावर, एकमेकांचे आलेख उघडून बसत होती. संघात काही लपत नाही. तू कुठल्या वळणावर किती उशिरा ब्रेक दाबलास, हे शेजारच्याला संध्याकाळी पडद्यावर दिसतं.

आता शनिवार-रविवारचं गणित. हा भाग जरा बारकाईने सांगावा लागेल, कारण हंगाम खरा इथे घडतो.

शुक्रवारी सराव, फक्त 45 मिनिटं. त्यानंतर थेट पात्रता फेरी, 30 मिनिटं. बस, गाडी समजून घ्यायला एवढाच वेळ. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा तीन-तीन सराव सत्रं होती. इथे मूल पहिल्यांदाच एखाद्या ट्रॅकवर येतं आणि दुपारपर्यंत त्याला आपला सगळ्यात वेगवान फेरा काढून दाखवावा लागतो. नवे टायर जेमतेम एखाद-दोन फेऱ्यांपुरते सर्वोत्तम असतात. त्या फेऱ्यांत समोर हळू गाडी आली, कुणी गिरकी घेतली, लाल झेंडा लागून सत्र थांबलं, की संधी गेली. तीस गाड्यांमध्ये पहिल्या आणि पंधराव्यातला फरक कित्येकदा सेकंदाहूनही कमी असतो.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पात्रता आणि शर्यत यातला फरक लगेच कळेल. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला बारी म्हणतात, आणि निकाल घड्याळ लावतं. सातारा-सांगलीकडे मात्र गाड्या एकदम सोडतात आणि पुढे येईल तो जिंकतो. पात्रता म्हणजे घाटातली बारी, शर्यत म्हणजे सांगलीकडचं मैदान. दोन्हींचा कस निराळा. घड्याळाविरुद्ध वेगवान असणारा गर्दीत चांगला असेलच असं नाही.

इथे घड्याळाविरुद्धच्या खेळातही एक गंमत आहे. वेगवान गाडी हवा फाडत जाते आणि तिच्या मागे पोकळी राहते. त्या पोकळीत शिरलेल्या गाडीला हवेचा विरोध कमी होतो. ट्रॅकवर याला 'टो' म्हणतात. इटलीतल्या मोंझासारख्या लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर हा टो इतका मोलाचा असतो की प्रत्येकाला कुणाच्या तरी मागेच राहायचं असतं आणि पुढे कुणालाच जायचं नसतं. मग तीस गाड्या एकमेकांची वाट पाहत रांगतात, कोणीतरी अडवलं जातं, आणि संध्याकाळी पंच दंडांची यादी लावतात. फॉर्म्युला थ्रीच्या मोंझाला हे वारंवार झालं आहे. दंड म्हणजे पुढच्या सुरुवातीला तीन किंवा पाच जागा मागे. एवढ्या सारख्या गाड्यांमध्ये पाच जागा मागे म्हणजे निम्मं काम बिघडल्यासारखंच.

2020 मध्ये शनिवारी पहिली शर्यत होत असे, पात्रतेतल्या क्रमाने. तिच्यात जिंकणाऱ्याला 25 गुण, मग 18, 15, 12, असं दहाव्यापर्यंत. रविवारी दुसरी शर्यत. तिच्यात शनिवारचे पहिले दहा उलटे उभे राहत: शनिवारी दहावा आलेला पुढे, जिंकलेला दहाव्या जागी. अकराव्यापासून पुढे क्रम तसाच. या शर्यतीत जिंकणाऱ्याला 15 गुण, मग 12, 10, 8. पात्रतेत पहिला आला (यालाच पोल म्हणतात) तर वर चार गुण, आणि शर्यतीतल्या सर्वात वेगवान फेऱ्याला दोन. (2022 पासून उलट्या क्रमाची शर्यत शनिवारी आणि मुख्य शर्यत रविवारी होते, आणि आता पहिले बारा उलटे होतात.)

क्रम उलटायचा कशाला, असा प्रश्न मलाही सुरुवातीला पडला होता. मेहनतीने पहिला आलेल्याला दहाव्या जागी का टाकायचं? आता मला हा नियम मनापासून आवडतो. एक म्हणजे पुढच्या गाड्या ओलांडायला शिकल्याशिवाय कोणी वर जात नाही. सारख्या गाडीने सारखी गाडी ओलांडणं ही या खेळातली सगळ्यात अवघड विद्या आहे, आणि ती रविवारी सक्तीने शिकवली जाते. दुसरं म्हणजे मधल्या संघातल्या मुलालाही एखाद्या रविवारी सगळ्यांच्या पुढे उभं राहून जग बघायला मिळतं.

त्यात टायर. पिरेलीचे हे टायर जास्त रगडले की तापतात आणि पकड सोडतात. शर्यत साधारण 40 मिनिटांची आणि मध्ये टायर बदलायला थांबा नाही. सुरुवातीला धडाका लावणारा शेवटच्या दहा मिनिटांत पाण्यात टाकलेल्या बिस्किटासारखा विरघळताना मी कितीदा पाहिला आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला सांगायचं, की तुझ्या मागचा अर्ध्या सेकंदावर आहे तरी तू पायाचा जोर कमी ठेव. हे त्याने ऐकणं हीच मोठी परीक्षा.

आता 2020 चा हंगाम. कोरोनामुळे तो मार्चऐवजी जुलैत सुरू झाला आणि सगळा युरोपातच झाला. 3 जुलैपासून अकरा आठवड्यांत नऊ फेऱ्या (एक फेरी म्हणजे एक शनिवार-रविवार), अठरा शर्यती. ऑस्ट्रियात दोन फेऱ्या, हंगेरी, इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला दोन, बार्सिलोना, बेल्जियममधलं स्पा, मोंझा, मुजेल्लो. एवढ्या घाईत एखाद्याचा सूर बिघडला तर घरी जाऊन शांत बसून सुधारायला वेळ नव्हता. पुढचा शुक्रवार दारात उभा असे.

मेलबर्नच्या पियास्त्रीने आदल्या वर्षी फॉर्म्युला रेनॉची युरोपातली स्पर्धा जिंकली होती. फॉर्म्युला थ्रीत पहिलीच शर्यत, ऑस्ट्रियात, त्याने जिंकली. हा मुलगा आता सगळं साफ करणार असं वाटलं. पण त्यानंतर संपूर्ण हंगामात त्याने आणखी एकच शर्यत जिंकली, बार्सिलोनाची रविवारची. पात्रतेत तो एकदाही पहिला आला नाही. अठरात दोन विजय, पोल शून्य, आणि तरी विजेता. उलट ज्यांनी सर्वात जास्त, प्रत्येकी तीन शर्यती जिंकल्या, तो वेस्टी आणि न्यूझीलंडचा लियाम लॉसन, ते हंगामअखेर चौथे आणि पाचवे राहिले.

यात काही चमत्कार नाही, बेरीज आहे. पियास्त्री वाईट दिवशीही बहुतेकदा पाचवा, सातवा येत राहिला. जिंकण्याची उमेद असणारा मुलगा पाचव्या जागेवर समाधान मानत नाही. तो चौथ्यावर झडप घालतो आणि दोघेही वाळूत जाऊन बसतात. झडप कधी घालायची आणि कधी तोंड मिटून गुण गोळा करायचे, हे त्या वयात कळणं फार दुर्मिळ. मला पियास्त्री आवडायला लागला तो यामुळे. रेडिओवर त्याचा आवाजही चढत नसे.

सार्जंटची वाट दुसरी होती. फ्लोरिडाचा मुलगा, 2015 चा कनिष्ठ कार्टिंग जगज्जेता. एका फेऱ्यात तो विलक्षण वेगवान. सिल्व्हरस्टोनच्या दोन्ही फेऱ्या आणि बार्सिलोना, असे सलग तीन पोल त्याने घेतले. सिल्व्हरस्टोनची एक आणि स्पाची एक शर्यत जिंकली. पुरशेर तिसांतल्या सर्वांत लहानांपैकी. त्याने ऑस्ट्रियाची आणि हंगेरीची शर्यत जिंकली तेव्हा तो 16 वर्षांचा होता. सतरावा वाढदिवस त्याने ऑगस्टमध्ये बार्सिलोना आणि स्पा यांच्या मधल्या आठवड्यात साजरा केला.

स्पाचं नाव आलं म्हणून थांबावंसं वाटतं. 31 ऑगस्ट 2019 ला याच ट्रॅकवर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत आंत्वान युबेर गेला. 22 वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी त्याने जीपी थ्री जिंकली होती, म्हणजे या फॉर्म्युला थ्रीचीच आधीची स्पर्धा. त्याच अपघातात हुआन मानुएल कोरेया दोन्ही पायांनी गंभीर जखमी झाला. कोरेया 2021 मध्ये परत आला, आणि तोही फॉर्म्युला थ्रीमध्येच. युबेरच्या अपघातानंतर आठवड्याभराने मोंझाला ॲलेक्स पेरोनीची गाडी कडेच्या एका उंचवट्यावरून अक्षरशः हवेत उडाली आणि कडेच्या टायरच्या भिंतीवर जाऊन पडली. मणका मोडला. 2020 च्या तीस गाड्यांत पेरोनीही होता. मुलांची स्पर्धा म्हटलं की धोकाही मुलांपुरताच असेल असं वाटतं. तसं अजिबात नाही. डोक्यावरची ती हॅलो नावाची कडी या गाड्यांवर आहे, सांगाडा कार्बन फायबरचा आहे, तरी वर्षभरापूर्वी मित्र गमावलेली मुलं त्याच ट्रॅकवरच्या ओ रूज नावाच्या चढावर पाय न उचलता जात होती. त्या शनिवारी मला शर्यतीकडे नेहमीसारखं बघता आलं नाही.

मुजेल्लोला येताना पियास्त्री सार्जंटच्या आठ गुणांनी पुढे होता. शनिवारी तो मागे अडकला आणि अकरावा आला. गुण शून्य. सार्जंटने आठ गुण घेतले आणि बरोबरी झाली. आता उलट्या क्रमाचा नियम आठवा. पियास्त्री दहावा आला असता तर रविवारी पहिल्या जागेवरून निघाला असता. अकरावा आला म्हणून अकराव्याच जागी उभा राहिला. एक जागा इकडे, दहा जागा तिकडे. आणि सार्जंट पहिल्या दहात, त्याच्या पुढे.

सुरुवातीचे दिवे विझले, शर्यत सुटली. पहिल्याच फेरीत सार्जंटची आणि जर्मनीच्या लिरिम झेंडेलीची गाडी एकमेकांना लागल्या आणि सार्जंट शर्यतीबाहेर गेला. अकरा आठवडे, सतरा शर्यती, तीन पोल, आणि विजेतेपदाचा निकाल लागला तो एका वळणावरच्या धक्क्याने. तो गाडीतून उतरून उभा होता आणि शर्यत पुढे चालली होती.

आता उरले दोघे. पुरशेर पुढच्या गटात होता, एकेक जागा वर सरकत. त्याला नऊ गुण भरून काढायचे होते. पियास्त्रीला मागून गर्दीतून वाट काढायची होती, आणि त्याच्या गाडीला कुणाची ठोकर बसली असती तर सगळं संपलं असतं. मी हातात पेन्सिल घेऊन दर फेरीला बेरीज करत होते. ताटातली आमटी गार झाली. लॉसनने शर्यत जिंकली. पुरशेर तिसरा: 10 गुण, एकूण 161. पियास्त्री सातवा: 4 गुण, एकूण 164. तीन गुण म्हणजे रविवारच्या शर्यतीतल्या आठव्या क्रमांकाचं मोल.

सार्जंटने ती शर्यत नुसती पाचवी जरी संपवली असती तर त्याचे 166 झाले असते. पियास्त्री तेव्हा एक जागा मागे, आठवा, म्हणजे 163. विजेता वेगळा. हे गणित त्या दिवशी मी तीनदा करून पाहिलं.

पण या हंगामाचा अर्थ रविवारी संध्याकाळी संपत नाही. फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवायला सुपर लायसन्स लागतं. मॅक्स व्हर्स्टापेन 17 व्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरला, त्यानंतर 2016 पासून नियम कडक झाले: वय किमान 18 आणि तीन वर्षांत 40 गुण. हे गुण शर्यतीचे नव्हेत, तर खालच्या स्पर्धांमधल्या हंगामअखेरच्या क्रमांकाचे. फॉर्म्युला थ्रीच्या विजेत्याला 30, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 20. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना एकदम 40. म्हणजे मुजेल्लोच्या त्या धक्क्याची किंमत करंडकापुरती नव्हती. सार्जंट तीस गुणांवरून वीसवर आला.

आणि मग पैसा. इथे कोणी पगार देत नाही. बहुतेक मुलं उलट संघाला पैसे देतात. फॉर्म्युला थ्रीचा एक हंगाम ढोबळ मानाने दहा लाख युरोच्या घरात जातो आणि फॉर्म्युला टूचा त्याच्या दुप्पट-तिपटीला. हे वडिलांचे, प्रायोजकांचे, किंवा एखाद्या फॉर्म्युला वन संघाच्या अकादमीचे. पियास्त्री रेनॉच्या अकादमीत होता, पुरशेर साउबरच्या. सार्जंटच्या मागे तेव्हा कुठलीच अकादमी नव्हती. वर्षभरापूर्वीपर्यंत बरोबरीत असलेला हा मुलगा 2021 मध्ये फॉर्म्युला टूचे पैसे उभे राहिले नाहीत म्हणून पुन्हा फॉर्म्युला थ्रीमध्ये, चारूझ नावाच्या छोट्या संघात गेला आणि सातवा आला. त्याच वर्षी पियास्त्रीने फॉर्म्युला टू पहिल्याच प्रयत्नात जिंकली, आणि पुरशेर 17 व्या वर्षी मोनॅकोत जिंकून फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तोपर्यंतचा सर्वात लहान चालक ठरला.

हीच शिडी एका मुंबईच्या मुलाने एक वर्ष आधी चढून पाहिली होती. जेहान दारूवाला. 2011 मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने भारतभर घेतलेल्या शोधात निवडलेल्या तिघांपैकी तो एक, तेव्हा 13 वर्षांचा. 2019 मध्ये तो प्रेमाच्याच गाडीत फॉर्म्युला थ्री खेळला, दोन शर्यती जिंकल्या आणि तिसरा आला. दुसऱ्या आलेल्या मार्कस आर्मस्ट्राँगचे 158 गुण, जेहानचे 157. एक गुण. सुपर लायसन्सच्या हिशोबात तो एक गुण पाच गुणांचा होतो. डिसेंबर 2020 मध्ये बहारीनच्या साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला, मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणीही त्याने केली. जागा मात्र मिळाली नाही, आणि तो विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई कडे वळला. जेहान कमी पडला असं कोणी म्हणालं की मला राग येतो. युरोपात ज्याच्या घराजवळ ट्रॅक आहे, ज्याच्या देशाच्या कंपन्या या खेळात पैसा घालतात, त्या मुलांशी त्याने एका गुणाच्या अंतरावर झुंज दिली.

तिघांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. फॉर्म्युला टूचा नियम असा की विजेत्याला पुन्हा त्या स्पर्धेत खेळता येत नाही. त्यामुळे 2021 चा विजेता पियास्त्री 2022 चं अख्खं वर्ष अल्पीनचा (म्हणजे नाव बदललेल्या रेनॉ संघाचा) राखीव चालक म्हणून कानाला हेडफोन लावून गॅरेजमध्ये उभा राहिला. मग करारावरून अल्पीन आणि मॅक्लारेन यांच्यात वाद झाला आणि निकाल मॅक्लारेनच्या बाजूने लागला. सार्जंटला 2021 च्या शेवटी विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाने अकादमीत घेतलं, 2022 मध्ये फॉर्म्युला टूत तो चौथा आला, आणि विल्यम्सची गाडी मिळाली. पुरशेर 2022 मध्ये दुसरा आला. वर जागा रिकामी नव्हती, म्हणून तो फॉर्म्युला टूतच राहिला.

5 मार्च 2023, बहारीन. फॉर्म्युला वनच्या हंगामाची पहिली शर्यत. पियास्त्री आणि सार्जंट, मुजेल्लोचे ते बरोबरीचे दोघे, एकाच दिवशी पदार्पण करत होते. पियास्त्रीची गाडी सुरुवातीच्या फेऱ्यांतच बंद पडली. सार्जंट बारावा आला. त्याआधी त्याच ट्रॅकवर, त्याच दिवशी, फॉर्म्युला टूची मुख्य शर्यत झाली होती. ती पुरशेरने पोलवरून निघून जिंकली, आणि मागचा गडी खूप दूर राहिला. त्या वर्षी तो फॉर्म्युला टूचा विजेता झाला. पुढच्या वर्षीही साउबरच्या फॉर्म्युला वनच्या दोन्ही गाड्यांत आधीचेच दोन चालक बसले, पुरशेरला जागा मिळाली नाही.